पुढचं पाकीट कुणालाच माहीत नको: थीसिससाठी रँडमायझेशन नीट कसं करायचं

दरवर्षी सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसची आधीची रूपरेषा, जमा करायची तारीख जवळ आली की माझ्याकडे पीजी डॉक्टर पोरापोरींची रांग लागते, आणि बहुतेकांच्या कागदावर एकच वाक्य असतं, 'पेशंटची रँडमली दोन ग्रुपमध्ये विभागणी केली जाईल.' बस्स. रँडमली म्हणजे कोण कुठल्या ग्रुपमध्ये हे कुणाच्या मर्जीने नाही तर नशिबाने ठरायला हवं, पण ते नक्की कसं, असं विचारलं की उत्तरंही ठरलेली, "सर, एक सोडून एक", नाहीतर "ओपीडी नंबर सम आला तर नवीन औषध, विषम आला तर जुनं." एकजण तर फारच प्रामाणिक होता, म्हणाला, "सर, बघून टाकतो." तर हा लेख त्या सगळ्यांसाठी, म्हणजे निदान पुढच्या वर्षी मला तेच ते परत बोलायला लागू नये.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती डोक्यात बसली की पुढच्या पायऱ्या आपोआप समजतात.

१९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायर परगण्यात, शाळेतल्या मुलांना रोज दूध दिलं तर उंची-वजन जास्त वाढतं का हे बघायला एक प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळा, साधारण २०,००० मुलं, चार महिने. ५,००० मुलांना कच्चं दूध, ५,००० मुलांना पाश्चराइज केलेलं, आणि उरलेल्या १०,००० जणांना काहीच नाही, त्यांची फक्त मापं घ्यायची. मुलं निवडताना कुठे चिठ्ठ्या टाकल्या, कुठे नावाच्या अक्षरावरून घेतली, इथपर्यंत ठीक होतं. पण वरून मास्तरांना एक मुभा दिली, की एखाद्या ग्रुपमध्ये खात्यापित्या घरची किंवा हडकुळी मुलं जास्त झाली असं वाटलं तर थोडी अदलाबदल करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. आता तुम्हीच सांगा, समोर गाल बसलेलं पोर उभं आहे, दुधाची यादी तुमच्या हातात आहे, आणि बदल करायची परवानगीही आहे, तर तुम्ही काय कराल? मास्तरांनीही तेच केलं असणार, कारण शेवटी आकडे बघितले तर सुरुवातीलाच बिनदुधाची मुलं दूधवाल्यांपेक्षा वजनाने जवळपास तीन महिन्यांच्या आणि उंचीने चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती.

१९३१ मध्ये विल्यम गॉसेटने या प्रयोगाची चिरफाड केली. गॉसेट म्हणजे 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारा संख्याशास्त्रज्ञ, तुमची टी-टेस्ट त्याचीच, डब्लिनच्या गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. त्याने अजून एक बारकावा काढला जो मला फार आवडतो. वजनं केली फेब्रुवारीत आणि मग जूनमध्ये, आणि कपड्यांसकट. श्रीमंताघरचं पोर थंडीत जाड कपडे घालतं, उन्हाळ्यात ते काढतं, म्हणजे त्याचं वजन काट्यावर तेवढं कमी वाढलेलं दिसणार. गरिबाच्या पोराच्या अंगावर थंडीतही फार काही नसतं, त्याला उतरवायला आहे काय? मग दुधाच्या ग्रुपमध्ये गरीब मुलं जास्त असली की दुधाने जास्त वजन वाढलं असं वाटणार, आणि त्यातलं किती दुधाचं आणि किती स्वेटरचं हे कुणालाच सांगता येणार नाही. वीस हजार मुलं घेऊनही. सॅम्पल साइज वाढवली की सगळं धुऊन निघतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट दोनदा वाचा.

यात लबाड कुणीच नव्हतं, आणि मला मुख्य तेच सांगायचंय. ग्रुप ठरवताना घोळ घालणारा माणूस बहुतेक वेळा कनवाळू असतो, नाहीतर दमलेला असतो. तुम्ही रात्री दोन वाजता ड्यूटीवर दोन्ही असता.

आपल्या मुंबईतलंही एक उदाहरण आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या तुरुंगात आपली प्लेगची लस टोचली ती स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना, आणि तुलना केली न टोचून घेतलेल्यांशी. लस उपयोगी होती, पण स्वतःहून पुढे येणारा माणूस आणि मागे बसून राहणारा माणूस हे सारखे नसतात, तब्येतीनेही नसतात, त्यामुळे तुलनेला कायम एक शंका चिकटून राहते.

चला आता कामाला लागू.

पहिली पायरी: कोण घ्यायचा, कोण नाही, हे ग्रुपच्या आधी

इन्क्लूजन-एक्स्क्लूजनचे निकष असे लिहा की दोन वेगळ्या रेसिडेंटनी तोच पेशंट बघितला तर उत्तर एकच यावं. 'गंभीर आजारी पेशंट वगळले जातील' हे चालणार नाही, गंभीर म्हणजे किती? क्रिएटिनिन किती, सॅच्युरेशन किती, आकडा टाका. कारण ढिल्या निकषांतूनच सगळी पळवाट निघते, पुढचा पेशंट नव्या औषधाच्या ग्रुपमध्ये जाणार हे माहीत असलं आणि समोरचा जरा जास्तच खराब दिसला की आपोआप मनात येतं, याला घ्यायला नको, हा जरा गंभीरच आहे. मग त्याच्या मागचा ठणठणीत पेशंट घेतला जातो. कागदावर सगळं नियमात.

दुसरी पायरी: यादी बनवायची

सम-विषम नंबर, एक सोडून एक, जन्मतारीख, आणि आपल्याकडचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे युनिट, सोमवारच्या ओपीडीला हा उपचार आणि गुरुवारच्या ओपीडीला तो, हे सगळं कायमचं विसरा. युनिट बदललं की सर्जन बदलतो, रेसिडेंट बदलतो, रेफर करणारे डॉक्टरही बदलतात, मग जो फरक आला तो उपचाराचा की युनिटच्या मॅडमच्या हाताचा? आणि या सगळ्या पद्धतींचा खरा दोष म्हणजे पुढचा नंबर कुठे जाणार हे केसपेपर काढणाऱ्या क्लार्कलासुद्धा माहीत असतं.

नाणं उडवणं तत्त्वतः बरोबर आहे पण करू नका. कोकणात देवाला कौल लावतात, मनासारखा पडला नाही की पुन्हा गाऱ्हाणं घालून लावतात, नाण्याचंही वॉर्डात तेच होतं, "अरे ते नीट पडलं नाही, परत टाक." आणि मागे पुरावा काहीच राहत नाही.

दुसरं म्हणजे साध्या रँडमने ग्रुप सारखे येतीलच असं नाही. २० पेशंटला नाणं उडवलं तर बरोबर १०-१० येण्याची शक्यता १८ टक्क्यांच्याही खाली आहे. ६० पेशंटमध्ये ३०-३० येणं फक्त १० टक्के, आणि २४-३६ किंवा त्याहून वाकडं होण्याची शक्यता साधारण १५ टक्के. मोठ्या ट्रायलमध्ये, म्हणजे अशा तुलनेच्या मोठ्या प्रयोगात, याने काही बिघडत नाही, थीसिसमध्ये गाईड ओरडतात.

म्हणून ब्लॉक. चार-चारचा ब्लॉक घ्या, प्रत्येकात दोन अ आणि दोन ब. ते मांडायचे प्रकार सहाच होतात, अअबब, अबअब, अबबअ, बबअअ, बअबअ, बअअब. सहा प्रकार आणि फाशाला बाजूही सहा, त्यामुळे कॉम्प्युटर नसला तरी लुडोचा फासा पंधरा वेळा टाकून ६० जणांची यादी तयार होते. मी शिकवताना असंच करून दाखवतो, पोरांना पटकन कळतं.

पण खऱ्या कामात फक्त चारचा ब्लॉक वापरू नका, कारण ओपन ट्रायलमध्ये, म्हणजे जिथे कुणाला काय मिळालं हे सगळ्यांना दिसतं तिथे, ब्लॉकचे पहिले दोन अ-अ गेले की पुढचे दोन ब-ब हे शाळकरी पोरही सांगेल. हुशार रेसिडेंट महिन्याभरात हिशोब लावतो. तेव्हा चार आणि सहाचे ब्लॉक मिसळा, कुठला कधी येणार हेही रँडम ठेवा, आणि ब्लॉक किती आकाराचे हे सिनॉप्सिसमध्ये लिहूच नका, ते वेगळ्या बंद कागदावर लिहून ठेवा आणि थीसिस लिहिताना उघडा. 'आर' सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे काम दोन ओळींत होतं, सीड नंबर (ज्या आकड्यावरून यादी निघते तो) तेवढा लिहून ठेवा म्हणजे तीच यादी पुन्हा काढून दाखवता येते.

एक्सेल वापरणार असाल तर एक खड्डा सांगतो, त्यात दरवर्षी कुणीतरी पडतंच. रँडचा फॉर्म्युला टाकला की तो प्रत्येक एंटरला नवीन आकडे देतो. म्हणजे काल प्रिंट काढलेली यादी आणि आज उघडलेली यादी वेगळी. आकडे आले की लगेच कॉपी करून 'व्हॅल्यूज' म्हणून पेस्ट करा, मग सॉर्ट करा, मग फाइल लॉक.

स्ट्रॅटिफिकेशनबद्दल थोडक्यात, एखादी गोष्ट निकालावर खूपच परिणाम करते, उदाहरणार्थ कॅन्सरची स्टेज, तर प्रत्येक स्टेजसाठी वेगळी यादी आणि वेगळ्या रंगाची पाकिटं (एकेका पाकिटात एकेका पेशंटचा ग्रुप लिहिलेली चिठ्ठी). पण हौस म्हणून वय, लिंग, बीएमआय, डायबेटीस सगळं कोंबू नका. तीन गोष्टी, प्रत्येकीचे तीन भाग, झाले २७ कप्पे, आणि पेशंट तुमच्याकडे ६०. कप्प्याला दोन. त्यात काय ब्लॉक करणार कप्पाळ.

तिसरी पायरी: यादी कुणाच्या हातात

जो पेशंट घेतो त्याच्या हातात यादी असता कामा नये, याला अपवाद नाही. तुम्ही स्वतः यादी बनवली आणि स्वतः पेशंट घेताय तर ती कितीही सुंदर रँडम असली तरी कुंपणच शेत खाणार. कम्युनिटी मेडिसिनमधल्या मित्राला सांगा, फार्माकॉलॉजीतल्या मॅडमना सांगा, ज्याचा तुमच्या निकालाशी काडीचा संबंध नाही असा कुणीही. यादीची प्रत तुमच्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, मेलच्या सेंटमध्ये कुठेही नको. "सर, माझ्याकडे आहे पण मी बघत नाही" हे वाक्य मी बऱ्याच वेळा ऐकलंय.

चौथी पायरी: लपवणं, म्हणजे खरं काम

पुढचा पेशंट कुठल्या ग्रुपमध्ये जाणार हे पेशंट घेणाऱ्यापासून लपवणं, यालाच अलोकेशन कन्सीलमेंट म्हणतात आणि सगळ्यात जास्त हयगय इथेच. केनेथ शुल्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २५० ट्रायल तपासल्या, तर जिथे हे लपवणं नीट नव्हतं तिथे उपचाराचा फायदा ऑड्स रेशोमध्ये (दोन ग्रुपमधल्या शक्यतांच्या गुणोत्तरात) सरासरी ४१ टक्के फुगलेला निघाला. उपचार तोच. फुगवटा फक्त पुढचं पाकीट ओळखता येण्याचा.

हे प्रत्यक्षात कसं होतं त्याची ऑस्ट्रेलियातली गोष्ट प्रसिद्ध आहे. अपेंडिक्सचं ऑपरेशन दुर्बिणीने की उघडून, अशी ट्रायल. दिवसा सगळं सुरळीत. रात्री मात्र दुर्बिणीच्या ऑपरेशनला कन्सल्टंटला उठवून बोलवावं लागायचं, उघडून करायचं असेल तर रेसिडेंटचं भागायचं. मग कन्सल्टंट जरा तिरसट असला की पोरं पाकिटं उजेडासमोर धरायची, 'ओपन' लिहिलेलं सापडलं की ते फोडायची, आणि वगळलेलं दुर्बिणीचं पाकीट सकाळच्या पेशंटला. आता रात्री येणारे पेशंट जास्त आजारी असले तर काय होणार? उघडून केलेल्या ऑपरेशनचे निकाल उगाच वाईट. मला त्या पोरांचा राग येत नाही खरं सांगू का, रात्री तीनला बॉसला फोन लावायचा नसतो हे मला अजून आठवतंय.

तेव्हा पाकिटं करायची तर अशी करा. पांढरी स्टेशनरीची पाकिटं नकोत, जाड तपकिरी घ्या. एका पीजीने मोठ्या अभिमानाने ६० पांढरी पाकिटं आणून दाखवली होती, मी त्यातलं एक उचललं आणि ओपीडीतल्या एक्सरे बघायच्या व्ह्यू बॉक्सवर लावलं, आतलं 'ग्रुप बी' तारखेसकट वाचता आलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यामुळे चिठ्ठीभोवती स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, आणि फॉइलच्या आत चिठ्ठीवर कार्बन पेपरचा तुकडा ठेवा. तपकिरी पाकीटही मोबाइलच्या टॉर्चवर धरून तपासाच. दोन्ही ग्रुपच्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या, नाहीतर हाताला जाडी कळते. बाहेर अनुक्रमांक, १ ते ६०, आणि फ्लॅपवर बंद करणाऱ्याची सही अशी की अर्धी इकडे अर्धी तिकडे. ही सगळी पाकिटं यादी बनवणाऱ्यानेच भरायची, तुम्ही नाही.

कार्बन कशाला? पाकीट फोडायच्या आधी पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, तारीख आणि वेळ बाहेरून पेनने दाबून लिहायची, ते फॉइलमधूनही आतल्या चिठ्ठीवर उमटतं. मग पाकीट फोडून "अरे हे नको, पुढचं घेऊ" करता येत नाही, चिठ्ठीवर त्या माणसाचं नाव बसलेलं असतं.

पाकिटांपेक्षा चांगला उपाय म्हणजे फोन. यादीवाल्याला मेसेज टाकायचा, पेशंटचा नंबर, निकष पूर्ण, कन्सेंट (संमती) झाला, त्याने उलट उत्तरात ग्रुप सांगायचा. वेळ आपोआप नोंदली जाते. रात्री तो झोपलेला असतो हा खरा प्रश्न आहे, त्यासाठी आधीच दोघांना वाटून द्या. औषधांची ट्रायल असेल आणि फार्मसीवाले तयार असतील तर एकसारख्या, फक्त नंबर टाकलेल्या डब्या सगळ्यात बेस्ट.

मोठ्या लोकांचीही पाकिटं फसतात बरं का. स्वीडन-फिनलंडमधल्या कॅप्टोप्रिल या बीपीच्या औषधाच्या एका ट्रायलमध्ये, १९९९ मध्ये छापली ती, १०,९८५ पेशंट होते, आणि सुरुवातीचं बीपीच कॅप्टोप्रिल ग्रुपमध्ये जास्त निघालं. एवढ्या संख्येत तेवढा फरक नशिबाने येणं जवळपास अशक्य. तिथेही पद्धत पाकिटांचीच होती.

पाचवी पायरी: वॉर्डात काय आधी, काय नंतर

हा क्रम भिंतीवर चिकटवा. निकष तपासा, मग कन्सेंट, मग बेसलाइन (सुरुवातीची) मापं, मग रजिस्टरमध्ये नाव, आणि सगळ्यात शेवटी पाकीट.

१९४६-४७ मध्ये ब्रिटनमध्ये टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल झाली, त्यात ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने हेच केलं होतं. रँडम आकड्यांवरून त्याने यादी केली, बंद पाकिटं बनवली, आणि पॅनेलने पेशंट आधी स्वीकारायचा, मगच मुख्य ऑफिसमध्ये पाकीट उघडायचं, वॉर्डातल्या डॉक्टरला आत काय आहे याचा पत्ता नाही. औषधाचा तुटवडा होता, सगळ्यांना मिळणारच नव्हतं, म्हणून चिठ्ठीने वाटणं लोकांना पटलं. १०७ पेशंट होते, सहा महिन्यांत औषधाच्या ५५ पैकी ४ गेले आणि नुसत्या बेडरेस्टच्या ५२ पैकी १४. कन्सेंट मात्र तेव्हा नव्हता, कंट्रोलच्या पेशंटना आपण ट्रायलमध्ये आहोत हेही सांगितलेलं नव्हतं, तेवढं त्यांचं उचलू नका.

आपल्याकडे उलटं होतं. पाकीट आधी फोडतात, मग पेशंटला समजवायला जातात, आणि "तुम्हाला ऑपरेशनवाल्या ग्रुपमध्ये घेतलंय काका" म्हटलं की काका म्हणतात नको रे बाबा, मग ते पाकीट फुकट, आणि घाबरणारे सगळे एकाच ग्रुपमधून गळले. म्हणून कन्सेंट घेताना दोन्ही उपचार नीट सांगा आणि कुठला मिळणार हे मलाही माहीत नाही असं सांगा. हे वाक्य खरं असेल तर ते बोलायला सोपं जातं.

सोबत एक स्क्रीनिंग रजिस्टर ठेवा, जे घेतले नाहीत त्यांचीही नोंद, कारणासकट. एका लांबलचक फुलस्केपवर झालं तरी चालतं.

ग्रुप माणसाला की वॉर्डाला?

यादी माणसांची केली असेल तर वाटपही माणसागणिकच झालं पाहिजे. स्पेनमध्ये ऑलिव्ह ऑइल आणि सुकामेव्याच्या आहारावर ७,४४७ लोकांची प्रचंड ट्रायल झाली, २०१३ मध्ये छापून आली, जगभर गाजली. पुढे लक्षात आलं की काही घरांत नवरा-बायकोला एकाच ग्रुपमध्ये टाकलं होतं, आणि एका केंद्रावर तर माणसाऐवजी अख्खी क्लिनिकच एकेका ग्रुपला दिली होती, कारण शेजाऱ्याला तेल जास्त मिळतंय अशा तक्रारी यायला लागल्या होत्या. २०१८ मध्ये तो पेपर मागे घेऊन नव्याने आकडेमोड करून पुन्हा छापावा लागला. तुमच्याकडेही सिस्टर म्हणतील की एका वॉर्डात दोन प्रकारची ड्रेसिंग गोंधळाचं होतं, फिमेलला ही करू मेलला ती करू. त्यांचं म्हणणं सोयीचं आहे. ऐकू नका, किंवा मग सरळ क्लस्टर ट्रायल (माणसांऐवजी अख्खे वॉर्ड ग्रुपमध्ये वाटणारी) करा आणि स्टॅट्सवाल्याला पहिल्या दिवशी सांगा, आणि क्लस्टरसाठी दोन वॉर्ड पुरत नाहीत हेही त्याच दिवशी ऐकून घ्या.

ब्लाइंडिंगचा गोंधळ

ऑपरेशनच्या ट्रायलवाले म्हणतात आमच्याकडे ब्लाइंडिंग शक्य नाही, म्हणून कन्सीलमेंटही नाही. दोन्ही वेगळं आहे. कन्सीलमेंट म्हणजे ग्रुप ठरायच्या क्षणापर्यंत लपवणं, ते प्रत्येक ट्रायलमध्ये जमतं, अगदी पाय कापायच्या ऑपरेशनमध्येसुद्धा. ब्लाइंडिंग, म्हणजे कुणाला काय मिळालं हे पुढेही कळू न देणं, हे त्यानंतरचं. तिथे सर्जनला नाही तर निदान जखम मोजणाऱ्याला, एक्सरे वाचणाऱ्याला ग्रुप सांगू नका.

शेवटचं काम, टेबल आणि फॉर्म

चिठ्ठी निघाली की पेशंट मरेपर्यंत त्याच ग्रुपचा, औषध घेतलं नाही, पळून गेला, दुसऱ्याच ग्रुपचं चुकून दिलं, तरी मोजणी मूळ ग्रुपमध्येच. दोन्ही ग्रुपची सुरुवातीची मापं असलेल्या पहिल्या टेबलमध्ये वय-वजनाला पी व्हॅल्यू (असा फरक नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता) लावायचा आपल्याकडे रिवाज आहे. रँडमायझेशन खरं असेल तर तिथे दिसणारा फरक नशिबाचाच असतो, मग पी व्हॅल्यू तपासते काय? पण गाईड मागतात, लावा बापडे. बघायचं ते वेगळं, निकालावर परिणाम करणारी गोष्ट एका बाजूला किती झुकलीय आणि का.

सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायल नोंदवायच्या रजिस्टरवर) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी करा, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदवता येत नाही. त्या फॉर्ममध्ये यादी कशी केली आणि लपवली कशी हे दोन वेगळे रकाने आहेत. लपवण्याच्या रकान्यातल्या यादीत अल्टरनेशन (एक सोडून एक) आणि केस रेकॉर्ड नंबर हेही पर्याय दिसतील, ते दिसतात म्हणजे चालतात असा अर्थ काढू नका, तो पर्याय निवडलात की परीक्षकाला व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) पहिला प्रश्न तयार.

आणि उरलेली पाकिटं फेकू नका. फोडलेल्या चिठ्ठ्या, न फोडलेली पाकिटं, रजिस्टर सगळं एका खोक्यात ठेवा, ज्याने यादी केली त्याच्यासमोर मोजा, ४३ फुटली तर १७ बंदच असली पाहिजेत आणि ती १७ म्हणजे ४४ ते ६० हीच. मधलं एखादं बंद सापडलं तर ते लपवू नका, कुठल्या रात्री कुणाची ड्यूटी होती ते रजिस्टरात बघा आणि थीसिसमध्ये एक ओळ लिहा.